बापाने टोपी नीट केली

"पुन्हा घसा दाटवलात," हेडफोनमध्ये मुलाचा आवाज आला. "आठवा टेक."

"दाटवला नाही. श्वास घेतला," काचेपलीकडे बघत म्हातारा म्हणाला.

"श्वास घ्या की. कोण नाही म्हणतंय? पण पुस्तकातल्या त्या बापाच्या वाटचा घेऊ नका."

एकतीस वर्षं म्हाताऱ्याने बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. त्याच्या आवाजावर माणसं सामान उचलून पळत सुटत. निवृत्तीनंतर तो आवाज घरात चष्मा कुठे ठेवलाय एवढं विचारण्यापुरता उरला. मग अंधांच्या ग्रंथालयाने पुस्तकं वाचायला बोलावलं. तिथे ध्वनिमुद्रक म्हणून त्याचाच मुलगा होता. घरी दोघांत होत नसे तेवढं बोलणं इथे काचेतून होई, आणि तेही चुका काढण्यापुरतं.

कादंबरी एका कॅरिबियन बेटावरची होती. एक मासेमार आपल्या भित्र्या पोराला मर्द करायचं म्हणून धक्क्यावरून समुद्रात ढकलतो. पोरगा गटांगळ्या खातो. पुढे एवढंच वाक्य: 'बापाने टोपी नीट केली.'

"तो काय दगड आहे का रे? त्याच्याही पोटात कालवलं असेल."

"असेल. पण गोष्ट पोरगा सांगतोय. पाण्यातून त्याला टोपी दिसली, पोट नाही दिसलं. लेखकाने मुद्दाम बापाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही कोण त्याला माणसात आणणारे?"

"लेखकाने अन्याय केलाय."

"मग कळवा त्याला तसं. नाहीतर उद्यापासून हे पुस्तक त्या नाटकवाल्या काकांना देतो. ते लिहिलंय तेवढंच वाचतात."

हे पुस्तक गेलं की पुढचं येणार नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तरी त्याने हातातलं पान खाली ठेवलं.

"मी टाकीखालीच उभा होतो."

मुलाचा हात बटणावरच राहिला. कुठली टाकी, हे त्याने विचारलं नाही. तो नऊ वर्षांचा असताना बापाने त्याला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढवून शिडी काढून घेतली होती. उंचीची भीती जावी म्हणून.

"खांबाच्या आड होतो. हात वर केला असता तर तुझा पाय लागला असता. तुला दिसलो नाही, एवढंच."

"किती वेळ?"

"तासभर. तुला उतरवलं तोवर."

"मी हाका मारत होतो तेव्हाही?"

"हो."

"अख्ख्या गावाला आवाज देत होतात. मला एक ओ देता आली नाही?"

'ओ दिली असती तर भीती मोडली नसती,' हे उत्तर म्हाताऱ्याकडे कित्येक वर्षं तयार होतं. ते जिभेपर्यंत आलं, आणि त्याला स्वतःलाच ऐकवेना.

"नववा टेक," मुलगा म्हणाला.

या वेळी म्हाताऱ्याने वाक्य लिहिलं होतं तसंच वाचलं. कोरडं, सपाट. गाडी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे, इतकं सपाट. वाचून झाल्यावर तो बाप त्यालाच भयंकर वाटला.

"हेच हवं होतं." मुलाच्या आवाजात कौतुक नव्हतं. "आता अर्धं मिनिट गप्प बसा. खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आहे. कापलेल्या जागी भरायला लागते."

"मग मी बाहेर जातो."

"नको. माणूस उठून गेला की खोलीचा आवाज बदलतो. जोड कळून येतो. तुम्ही आतच हवे. फक्त बोलू नका."

म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला. मुलगा यंत्रावरच्या आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत होता, त्याच्याकडे नाही. काटा तळाशी किंचित थरथरत होता. म्हाताऱ्याने आवंढासुद्धा गिळला नाही.