दादाच्या टॅक्सीतला वायरलेस

दादाची टॅक्सी माझ्या गॅरेजात आणून लावली तेव्हा वहिनीने एकच काम सांगितलं. गाडीतला वायरलेस बघ. गाडी विकायची की कुणाला चालवायला द्यायची, चकार शब्द नाही. गाड्यांचं वायरिंग हाच माझा धंदा, तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. तरी डोक्यात तिडीक गेलीच. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि हिला वायरलेसचं पडलंय.

मग तिने सांगितलं. ती टॅक्सीच्या ऑफिसात वायरलेसवर बसते, गाड्यांना पत्ते देते. त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं. दादा डबा आणि फोन घरीच टाकून तरातरा निघून गेला. दुपारी तिने त्याला हाक मारली, तर उत्तर म्हणून नुसतं खट खट. या लाइनीत बोलायचा कंटाळा आला की ड्रायव्हर माइकचं बटण दोनदा दाबतात. ऑफिसात खट खट ऐकू येतं आणि त्याचा अर्थ 'हो' असा धरतात. वहिनीने विचारलं, अजून रागात आहेस का? खट खट. मग तिचंही डोकं फिरलं. सगळ्या गाड्या ऐकत असताना म्हणाली, बस मग तसाच. त्यानंतरही खटखट चालूच राहिली. मुद्दाम डिवचतोय असं समजून तिने आवाज बारीक केला. संध्याकाळी दादा रस्त्याच्या कडेला गाडीतच सापडला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

"तो खरंच रागात गेला का, तेवढं मला कळू दे, भाऊजी," ती म्हणाली.

वायरलेस बिघडलेला निघाला तर ती खटखट दादाची नव्हतीच, एवढ्याच आशेवर बिचारी आली होती. मी कामाला लागलो. इंजिन चालू करून ऑफिसशी बोललो. वायरलेस ठणठणीत. बॅटरी नवी, फ्यूज शाबूत. मग इंजिन बंद केलं. ऑफिसातला आवाज अजूनही स्वच्छ येत होता. बोलायला बटण दाबलं आणि वायरलेस मेला. सोडलं, पुन्हा जिवंत. दाबलं, पुन्हा मेला.

मीटर लावला. ऐकताना बारा व्होल्ट, बटण दाबलं की आठच्याही खाली. ऐकायला वीज चिमूटभर लागते, बोलायला ओंजळभर. आणि ती येत होती कुठून, तर सिगरेट लायटरच्या मागून ओढलेल्या केसाएवढ्या वायरीतून. अर्थिंगचा स्क्रू तर पत्र्याचा रंग न खरवडता सरळ वरूनच पिळलेला, म्हणजे तिथेही वीज अडणार. टेप गुंडाळायची तऱ्हा बघूनच ओळखलं, दादाचा हात. सख्खा भाऊ वायरमन, आणि हा गृहस्थ रविवारी अंगणात बसून स्वतः जोडणार. हजारदा सांगितलं होतं, थेट बॅटरीवरून जाड वायर घे. इंजिन चालू असलं की कसंबसं निभायचं, म्हणून पठ्ठ्याचं फावलं. मी तिथेच त्याला शिव्या घातल्या, चांगल्या मोठ्याने, आणि मग मला रडू आवरेना.

कारण पुढचं सगळं मला दिसत होतं. छातीत कळ आली म्हणून त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. वहिनीचा शब्द न् शब्द त्याला ऐकू येत होता. तो बोलायला बटण दाबत होता आणि ऑफिसात पोचत होतं ते एवढंच, खट.

वहिनी बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. फ्यूज उडालेला होता म्हणावं, तर खटखट तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेली. रागात होता म्हणावं, तर ती जन्मभर तेच उराशी धरून बसणार, आणि दादावर आळ येणार तो वेगळाच. शेवटी जे होतं ते सांगून टाकलं. बटण दाबून दाखवलंसुद्धा.

"म्हणजे रागात नव्हता," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. मी मान हलवली. इथेच थांबू दे रे देवा, असं वाटत होतं. पण ती दिवसभर वायरलेसवर बसणारी बाई. तिचा हात हळूच तोंडाकडे गेला.

"मग तो काय सांगत होता?"

"आलोच म्हणत असेल," मी म्हणालो. याहून बरं काही सुचलं नाही.

"इतक्या वेळा?" वहिनी म्हणाली.