नेडाची टाकी आणि बेकरीतली मोटर

मित्रांनो, माझ्या झाकणाच्या फटीत अजून थोडा मैदा अडकलेला आहे. मी एक जुनी मोटर आहे, बेकरीतल्या पीठ मळणाऱ्या यंत्राची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या मासेमारीच्या गावात मी वर्षानुवर्षं पावाचं पीठ मळलं. माझी चाल संथ, पण दमणं मला ठाऊक नव्हतं. बेकरीवाला सगळ्यांना सांगायचा, ही आमची गोगलगाय, पण थांबायची नाही हो! गोगलगाय म्हटल्याचा मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

मग बेकरी बंद पडली आणि मी भंगारात गेले. खारा वारा, पाऊस, अंगावर गंजके पत्रे. कुणी माझं नाव घेईना. एकटं पडणं काय असतं, ते मला तिथे कळलं.

एके दिवशी तिथे व्हिंको आला. ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटींवर आयुष्य काढलेला म्हातारा. त्याची बायको नेडा पाठीला हवेची पोलादी टाकी बांधून समुद्रात बुड्या मारायची. ती वारली आणि तिची टाकी घरात पडून आतून गंजली. टाक्या तपासणाऱ्याने व्हिंकोला बजावलं होतं की, महिनाअखेरपर्यंत गंज निघाला नाही, तर नियमाप्रमाणे टाकीला भोक पाडून ती कायमची बाद करीन. नेडाचं बाकी सगळं व्हिंकोने वाटून टाकलं होतं. ही टाकी मात्र त्याला जीव की प्राण होती.

उपाय तसा सोपा. टाकीत खरखरीत खडे आणि पाणी घालायचं, बागेची रबरी नळी चढवलेल्या दोन दांड्यांवर तिला आडवी ठेवायची आणि फिरवत राहायचं. खडे आतला गंज खरवडतात. पंचाईत होती ती मोटरची. व्हिंकोने कपडे धुण्याच्या यंत्राची चकचकीत मोटर उचलली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पण ती चकचकीत मोटर पळायची भन्नाट. खडे टाकीच्या भिंतीला चिकटून तिच्यासोबतच गरगरायचे, घासायचे काहीच नाहीत. शेजारची ग्वेन, नेडाची बुड्या मारण्यातली जोडीदारीण, टाकीला कान लावून म्हणाली, "आत काहीच वाजत नाहीये रे. खडे खाली पडले तर घासणार ना? तुला पळणारी नकोय, रांगणारी हवी."

तसा तो पुन्हा भंगारात आला आणि मला घरी घेऊन गेला.

मी फिरू लागले. टाकी हळूहळू लोळू लागली. लाट मागे सरताना किनाऱ्यावरचे गोटे वाजतात, तसे खडे आत वाजू लागले. व्हिंको माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसला. जेवायचाही तिथेच. नेडा गेल्यापासून त्या घरात कसला आवाजच नव्हता.

गंज निघाला, तरी त्याने मला बंद केलं नाही. उद्या करू, परवा करू, असं चाललं. मलाही थांबायचं नव्हतं, खोटं कशाला सांगू? पण गंज संपला की खडे पोलादच खाऊ लागतात. ते मला कळत होतं, आणि बोलता येत नव्हतं.

ग्वेन माशाचं सूप घेऊन आली आणि आवाज ऐकून दारातच थांबली. "बंद कर, व्हिंको. भिंत पातळ झाली तर तो तपासणारा भोक पाडणारच. तिची टाकी तुझ्याच हातांनी जाईल."

त्याने फिरत्या टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बंद केलं की घर पुन्हा तसंच होईल गं."

"होईल," ग्वेन म्हणाली. "मग जेवायला माझ्याकडे येत जा."

त्याने बटण बंद केलं.

टाकी तपासणीत पास झाली. आता ती ग्वेनच्या पाठीवर समुद्रात जाते आणि व्हिंको किनाऱ्यावर बसून तिची वाट पाहतो. मी मात्र शेडमध्ये फडक्याखाली असते. दार वाजलं की वाटतं, आला. कधीकधी खरंच येतो. तेलाचे दोन थेंब सोडतो, बटणावर बोट ठेवतो, पण दाबत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात काम संपलेलं कुणीतरी कोपऱ्यात असेल. त्याला पुन्हा कामाला लावा असं मी म्हणत नाही. जाता-येता हात तेवढा लावा. हात लागलेला आम्हाला कळतो.