नानांचं करणारी

घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की त्याचं करायचं कुणी? एरंडोलच्या लीलाधरला हा प्रश्न कधी पडलाच नाही. वडील जीवरामनाना अर्धांगवायूने लुळे पडलेले. लीलाधर कचेरीत कारकून, धाकटा छगन धुळ्याला गिरणीत, बहीण कुंदाबाई यावलला दिलेली. नानांना भरवणं, कूस बदलणं, हगलंमुतलं काढणं, सगळं लीलाधरची बायको पुष्पाबाई करायची.

छगन दिवाळीला यायचा, नानांच्या पाया पडायचा. म्हणायचा, "वहिनी म्हणजे साक्षात लक्ष्मी! आम्हाला नानांचा घोरच नाही."

त्या हिवाळ्यात पुष्पाबाई सारखी खोकत होती. अंगात ताप मुरलेला. एकदा सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "कुंदाताईंना थोडे दिवस बोलवा ना. मला उभं राहवत नाही."

"सून असताना लेकीला राबवलं, असं लोक म्हणतील," असं बोलून लीलाधर कचेरीत गेला.

दुपारी शेजारच्या किराणा दुकानदाराच्या आईला, सूरजबाईंना, नानांचा ओरडा ऐकू आला. त्या धावत आल्या. पुष्पाबाई चुलीपाशी निपचित पडली होती, आणि खाटेवरून कोसळलेले नाना एका हाताने तिच्याकडे सरपटत होते!

तिला जळगावला इस्पितळात नेलं. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत भिनला होता. "फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. पुष्पाबाई घरी परतली नाही.

तोवर नानांचं सूरजबाईंनीच निभावलं. तेराव्याला भावंडं जमली. "आता नानांचं कोण करणार?" छगनने विचारलं. लीलाधर कुंदाबाईकडे बघू लागला, कुंदाबाई छगनकडे. शेवटी कुंदाबाई म्हणाली, "दादाने दुसरं लग्न करावं. घरात बाई हवीच."

सूरजबाई ताडकन उठल्या. "एक संपवली, आता दुसरी आणता? मीही सासूचं केलंय, भाऊ. सेवा मोठीच. पण एकटीच्या जिवावर लोटली, की तिला सेवा म्हणत नाहीत. बाप तिघांचा, आणि मरायचं परक्याच्या लेकीनं? तिला लक्ष्मी म्हणालात. जेवलीस का, असं कधी विचारलंत?"

खाटेवरून नानांचा जड आवाज आला, "मन्हं काही करू नका रे. मन्हामुये पोर गई!" आपल्यामुळे सून गेली, हे नानांच्या मनातून जाईना.

लीलाधर उठला. पहिल्यांदाच त्याने बापाचे ओले कपडे बदलायला घेतले. नानांना कुशीवर वळवलं आणि तो थबकला. इतकी वर्षं अंथरुणात पडलेल्या त्या पाठीवर एकही व्रण नव्हता! तो तिथेच हमसून रडला.

मग कुंदाबाई राहिली. होळीनंतर नानांना धुळ्याला न्यायचं छगनने कबूल केलं. सकाळी लीलाधर स्वतः अंघोळ घालू लागला, दुपारी घटकाभर सूरजबाई बसू लागल्या. सगळं किती सहज जमलं! पण नानांच्या घशाखाली घास उतरेना. धुळ्याला जायची वेळ आलीच नाही, होळीआधीच ते गेले.

वाचकहो, म्हाताऱ्या माणसाची सेवा हे सगळ्या घराचं काम आहे. तुमच्या घरी ही सेवा कोण एकटी करतेय, ते आजच पाहा. तिचं कौतुक नको, तिच्या हातातलं काम घ्या. ती आहे तोवर!