कुरतडलेलं नाणं

नाणेसाहेब म्हणजे भलतीच वल्ली. लोक चांगली नाणी जमवतात, हे बिघडलेली. टाकसाळीत यंत्र चुकलं आणि नाणं वेडंवाकडं निघालं, की त्याच्यावर यांचा जीव. बायको म्हणायची, "घरात एक वाकडा आहे तेवढा पुरे नाही का?" पण नाण्यांचा डबा पुसून ठेवायची तीच.

गेल्या महिन्यात मात्र घात झाला. डोळ्याचं ऑपरेशन होऊनही नजर धड परत आली नव्हती, आणि नाणेवाल्यांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, पकडीने चेपलेल्या नाण्याला साहेब "अस्सल!" म्हणून बसले. लोक हसले. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "संपला खेळ. रविवारी घड्याळजी येऊन डबा कायमचा घेऊन जाईल." तेव्हापासून माणूस नुसता खिडकीशी बसून. चहा थंड झाला तरी कुरकुर नाही. बायकोला काळजी लागली. हा माणूस भांडतसुद्धा नाही म्हणजे काय!

रविवारी घड्याळजी आला. घड्याळं दुरुस्त करणारा हा साहेबांचा नाण्यांच्या नादातला जुना दोस्त; त्यांचा डबा उचलणं त्याच्याही जिवावर आलं होतं. त्याने खिशातून एक नाणं काढलं. उंदराने कुरतडावं तसा एका बाजूचा तुकडा गेलेला.

"दादा, एवढं शेवटचं सांगा. हे टाकसाळीतूनच असं निघालं, की कुणी कापून मला टोपी घातली?"

"आंधळ्याला काय विचारतोस?" साहेब खेकसले.

"आणा इकडे भाऊजी," म्हणत बायकोने भिंग उचललं. तिचा जन्म गेला शर्टांच्या कारखान्यात, शिवणी तपासण्यात. "अहो, काय बघायचं तेवढं बोला. डोळे माझे, डोकं तुमचं."

साहेबांनी तोंड फुगवलं, पण मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुकडा गेलाय ना, त्याच्या बरोबर समोरची कड बघ."

"चांगली आहे की."

"मग खोटं. विषय संपला."

घड्याळजीचं तोंड उतरलं.

"थांबा हो, किती ती घाई!" ती नाणं घेऊन खिडकीशी गेली. "उजेड तिरका पडल्याशिवाय सैल टाका दिसत नाही." तिने नाणं हळूहळू फिरवलं. "अगं बाई! इथे कड बसलीय. बाकी सगळीकडे उठून दिसते, इथेच तेवढी पुसट."

साहेब ताडकन उठले. "नक्की?"

"माझ्या नजरेतून कॉलर सुटली नाही कधी, हे काय सुटतंय?"

"अस्सल! अरे, शिक्का मारायची कोरी चकतीच मुळात तोकडी होती. एका बाजूला धातू नाही, म्हणून कड उचलताना समोर दाबच बसला नाही. मागाहून कापणाऱ्याच्या नाण्यात समोरची कड शाबूत राहते, तिथेच तो सापडतो!"

घड्याळजीने हळूच विचारलं, "मग डबा?"

साहेब पुन्हा खुर्चीत टेकले. "ने. एकदा जमलं म्हणून काय झालं?"

बायकोने तोवर डबा उघडला होता. "आणि हे हो? याच्यावर अक्षरं दुहेरी कशी?"

लग्नापासून साहेब तिला नाणी दाखवायला जायचे आणि लग्नापासून नेमकी तेव्हाच तिची भाजी करपत असायची. आज तिने आपणहून विचारलं. साहेब डब्यावर वाकले.

"ते... ते खोटं आहे. खोटं कसं असतं ते कळावं म्हणून ठेवलंय."

"कशावरून?"

"खुर्ची ओढ इकडे, सांगतो. आणि उजेड तसाच तिरका राहू दे."

घड्याळजी रिकाम्या हातांनी निघाला, आणि त्याला दारापर्यंत सोडायलाही कुणी उठलं नाही.