शेवटच्या वेळच्या मनुका

शामला तेरहून अणदूरला नांदायला आली तेव्हा तिला सगळ्यांनी सगळं दाखवलं. विहीर दाखवली, विहिरीवरचा द्राक्षाचा मांडव दाखवला, कोणती म्हैस लाथ मारते तेही सांगितलं. पण स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातल्या चिनी मातीच्या बरणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते तिचं तिलाच कळलं.

मल्लिकार्जुन रोज सकाळी मळ्यात निघताना त्या बरणीचं झाकण काढायचा. क्षणभर नाक जवळ न्यायचा, दोन-तीन मनुका तोंडात टाकायचा आणि झाकण नीट बसवून बाहेर पडायचा. चुलीपुढं बसलेली शामला भाकरी थापता थापता पाठमोऱ्या नवऱ्याकडं बघत राहायची. मनुका महादेवीच्या हातच्या होत्या. महादेवी म्हणजे त्याची पहिली बायको. ती तापानं गेली त्या उन्हाळ्यातल्या त्या शेवटच्या.

मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हे शामलाचं खरं दुखणं. जिवंत सवत असती तर तिनं चार शब्द सुनावले असते, दोन ऐकले असते, मोकळी झाली असती. इथं पाणवठ्यावर गेलं तरी बाया म्हणायच्या, "महादेवीचा सांजा खाल्लावता आमी. तुपात मनुका अशा टम्म फुगलेल्या! तसला सांजा पुन्हा न्हाय बाई." शामला घागर उचलायची. रस्ताभर तिच्या डोक्यात तो सांजा शिजत असायचा.

पौषात खंडोबाची मूर्ती नळदुर्गहून अणदूरला परत आली, गावात पाहुणे उतरले. घरात दहा-बारा पानं होती. शामलानं रवा भाजला, गुळाचं पाणी उकळलं आणि काही विचार करायच्या आत उठून ती कोनाड्यातली बरणी घेऊन आली. मूठभर टाकावी असं मनात होतं. मूठ टाकली, मग दुसरी टाकली. मग तिनं बरणी कढईवर उपडीच केली. तळाशी चिकटलेल्या दोन मनुका बोटानं खरडून काढल्या.

पाहुणे जेवायला बसले. पहिला घास खाऊन एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "वा! महादेवीच्या हाताची चव आली बघा."

वाढायचं उलथनं शामलाच्या हातात तसंच राहिलं. मल्लिकार्जुन पानातल्या मनुकांकडं बघत होता. मग त्यानं सगळा सांजा खाल्ला, एक कण ठेवला नाही. पाहुणे ओट्यावर गेल्यावर तो कोनाड्याशी आला.

"संपवल्यास?"

"खायच्याच व्हत्या न्हवं?"

"व्हय," तो म्हणाला. "खायच्याच व्हत्या."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी तो स्वयंपाकघरात यायचाच बंद झाला. भाकरीचं फडकं बाहेरूनच मागायचा.

फाल्गुनात मांडवाला घड लोंबायला लागले. शामलानं ठरवलं, मनुका आपणच करायच्या, आणि अशा करायच्या की गावानं जुनं नाव टाकून द्यावं. कुणाला न विचारता तिनं पाट्या भरून घड खुडले आणि घराच्या धाब्यावर लुगडं अंथरून भर उन्हात पसरले. उन्हात तर सगळंच वाळतं, मिरच्या वाळतात, कुरडया वाळतात, असा तिचा हिशोब. पण द्राक्षाची साल चिवट. वरून करपली आणि आत पाणी तसंच राहिलं. घोंगावत गांधीलमाशा आल्या. काही मणी आंबले, काही काळे खडे झाले. शामला धाब्यावर बसून एकटीच रडली.

नेमकी त्याच दिवशी गजराबाई आली.

गजराबाई महादेवीची आई. माकणीला दिली होती, माहेर मात्र विजापूरकडचं. लेक गेली तरी म्हातारी दरसाल द्राक्षाच्या दिवसांत जावयाकडं यायची. मल्लिकार्जुन तिला आईसारखं अव्वा म्हणायचा आणि स्वतःची बाज तिला द्यायचा. गेल्या वर्षीही शामलाच्या पोटात हे बघून आग पडली होती. म्हातारीनं लुगड्यावरचा एक मणी उचलला, दातानं फोडला आणि थुंकला.

"खार न्हाय दाखवलास? असं उन्हात टाकून मनुका व्हत न्हाईत, पोरी."

"तुमच्या लेकीची रीत मला नको, मावशी."

गजराबाईनं लुगड्यावरचे मणी बाजूला सारले. मग खाली बसली. "माझ्या लेकीची कुठली रीत? तिला चहा धड येत न्हवता. सगळं म्या करायची. दरसाल येऊन गोठ्यामागं बसायची. ती नुसती घड खुडून आणायची, न् माझ्या हातचं गावात स्वतःचं म्हणून मिरवायची. म्या बी मिरवू दिलं. लेकच ती. ती गेल्यापासनं म्या मनुकांना हात लावला न्हाय."

इतके दिवस जिच्यापुढं ती हरत होती त्या बाईला काही येतच नव्हतं! संध्याकाळ होईपर्यंत तिला दम निघेना. मल्लिकार्जुन मळ्यातून येऊन पाय धूत होता, तिथंच तिनं गाठलं.

"त्या मनुका तुमच्या महादेवीनं केल्याच न्हवत्या. अव्वांनी केल्या. आज त्यांनीच सांगितलं."

"मला ठाऊक न्हाय व्हय?" तो म्हणाला आणि हसला. लग्न झाल्यापासून असा हसलेला तिनं पाहिला नव्हता. "तिचा सांजा बी अव्वाच घोटायची. ही दारात उभी राहून बायांना सांगायची, आता उतरते म्हणून. लई खोटारडी."

"मग ती बरणी कशापायी जपत व्हता?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "त्या साली ताप अंगात व्हता तरी घड तिनंच खुडले. नको म्हणलं तर ऐकली न्हाय."

शामलाला वाटलं होतं, हे सांगितलं की महादेवी लहान होईल. झालं उलटंच. चांगल्या सांज्यासाठी बायकोवर जीव टाकणारा नवरा तिला समजला असता. खोटं बोलणाऱ्या, स्वयंपाक न येणाऱ्या बाईवर त्यानं एवढा जीव टाकला होता, तर आपल्या चांगल्या भाकऱ्यांना काय किंमत?

पण सकाळी ती म्हातारीपुढं जाऊन बसली. "दाखवा."

गजराबाईनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यात पापडाला घालतात तो खार टाकला, वर चमचाभर करडईचं तेल सोडलं. घड दांड्याला धरून उकळत्या पाण्यात बुडवला आणि लगेच वर काढला. "बघ, सालीवर केसागत चिरा आल्या. आता आतलं पाणी बाहेर पडंल. जरा जास्त ठेवलास तर शिजंल." मग घड गोठ्यामागं दोरीवर टांगले, सावलीत, जिथून वारा आरपार जायचा तिथं. शामलाचे पहिले घड शिजलेच. म्हातारीनं नुसता पुढचा घड तिच्या हातात दिला.

मनुका झाल्या, चांगल्या झाल्या. मल्लिकार्जुननं खाल्ल्या आणि "बऱ्या हाईत" म्हणाला. शामलाला तेवढं पुरलं नाही, आणि पुरणार नाही हेही तिला कळलं.

गजराबाई निघाली तेव्हा तिचं गाठोडं घेऊन शामला हमरस्त्यापर्यंत गेली. झाडाखाली दोघी उमरग्याच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या. पोटातली आग अजून विझलेली नव्हती. तरी तिनं विचारलं.

"कशी व्हती हो ती?"

म्हातारी दचकली. गेल्या किती दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "कशी म्हंजे... लई हट्टी. ल्हानपणी एकदा काय केलं तिनं..." ती सांगायला लागली तोच वळणावर धूळ उडवत गाडी आली, येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

म्हातारी लगबगीनं गाठोड्याकडं वळली. शामलानं ते उचललं नाही. कंडक्टरला हातानं जा म्हणून सांगितलं.

"दुपारी दुसरी गाडी हाय," ती म्हणाली. "बसा. काय केलं व्हतं तिनं?"