ऐंशी केळी

भालचंद्र सायकलवरून गावी, निर्मळला आला तेव्हा कॅरिअरला वर्तमानपत्रात गुंडाळलेली फाइल होती, आणि वाटेत तीनदा उतरून त्याने ती जागेवर आहे ना हे पाहिलं होतं.

एलएल.बी.चा निकाल लागून महिना झाला होता. हायकोर्टातल्या एका न्यायमूर्तींना वर्षभरासाठी कायदा शिकलेला मुलगा हवा होता. खटल्याचे कागद वाचायचे, टिपण करायचं, जुन्या निकालांचे दाखले शोधून द्यायचे. जाहिरात नव्हती, प्राध्यापकांनी दोन नावं कळवली होती, त्यातलं एक भालचंद्रचं. दुसरा मुलगा वकिलाचा नातू, इंग्रजी फर्डं बोलणारा. शनिवारी दोघांनाही एकाच जुन्या, निकाल लागून गेलेल्या अपिलाची प्रत मिळाली. निकालाची पानं काढलेली, वकिलांच्या नावांवर कागद चिकटवलेले. सोमवारी दोन पानी टिपण आणायचं. ज्याचं चांगलं, त्याला जागा.

आपलं चांगलं असेल असं भालचंद्रला क्षणभरही वाटलं नव्हतं. तरी आनंद इतका होता की रात्रीचं जेवण त्याला आठवत नव्हतं.

भांडण एका बागायतीचं होतं. मालक म्हणत होता, हा माणूस गेल्या जूनमध्ये जमिनीत घुसला. कसणारा म्हणत होता, मालकाच्या मयत भावाने मला तीन वर्षांपूर्वी जमीन कसायला दिली. कागद कुणाकडेच नव्हता. एप्रिलमध्ये कोर्टाचा कमिशनर जागा पाहून आला होता. त्याने लिहिलं होतं: केळीची चाळीस बेटं, प्रत्येकात दोन तोडलेले खुंट, एक कुजत आलेला, एक ताजा, शेजारी घड धरलेली एक केळ. मालकाच्या वकिलाने त्यावरून सांगितलं होतं की या माणसाने ऐंशी झाडं तोडून बागेची नासधूस केली.

रविवारी दुपारी टिपण पुरं झालं. ओटीवर रंभाआत्या मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. वडिलांची ही थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून वाडी तीच पाहत होती. भालचंद्रने टिपण मराठीत सांगत तिला वाचून दाखवलं, म्हणजे निदान एकदा तोंडून बाहेर पडेल. ‘ऐंशी झाडांची नासधूस’ या शब्दांशी आत्याचे हात थांबले.

“कुणी केली नासधूस?”

त्याने पुन्हा सांगितलं. आत्या इतकी हसली की परडीतल्या कळ्या ओटीवर सांडल्या.

“अरे, केळ एकदाच घड देते. तो उतरवल्यावर ती तोडायची नाही तर काय तिची आरती करायची? पुस्तकातून कधी मान वर केली असतीस तर मागच्या दारी दिसलं असतं.”

मग हसू आवरून तिने विचारलं, माणूस जूनमध्ये घुसला आणि दोन्ही खुंट त्यानेच तोडले, असं मालकच म्हणतो ना? पहिला घड हाती यायलाच वर्ष लागतं. तो घेतला, मग बुंध्याशी फुटलेल्या पिलाचा घेतला, आता तिसरी केळ घड धरून उभी. दहा महिन्यांत?

भालचंद्र उठून उभा राहिला. परत बसला. मग नेहमीची शंका आली: हे कुठल्याच साक्षीदाराने सांगितलेलं नाही. घरचं ज्ञान कोर्टाच्या टिपणात घालायचं कसं? खूप विचार करून त्याने पहिली दोन पानं फाडली आणि नवी लिहिली. शेवटी एक ओळ घातली: ‘केळीविषयीची ही माहिती कागदपत्रांत नाही, माझ्या घरची आहे. एखाद्या बागायतदाराची साक्ष घ्यायला हवी होती.’ ती ओळ त्याने दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा तशीच ठेवली.

सोमवारी न्यायमूर्तींनी टिपण वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“घरची म्हणजे कुणाची?”

“माझ्या आत्याची, साहेब.”

“शिकलेल्या आहेत?”

“चौथी.”

त्यांनी फाइल उघडली आणि मालकाच्या वकिलाच्या नावावरचा कागद नखाने सोलला. खाली त्यांचंच नाव होतं.

“ऐंशी झाडं मीच मोजून दाखवली होती,” ते म्हणाले. “खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. समोरच्या वकिलालाही, जजसाहेबांनाही. मी जिंकलो. पुढे एकदा वसईला कुणाच्या तरी वाडीत जेवायला गेलो, तेव्हा माळ्याला घड उतरवून केळ तोडताना पाहिलं.”

त्या माणसाचं पुढे काय झालं, हे भालचंद्रला विचारायचं होतं. धीर होत नव्हता. तरी त्याने विचारलं.

“माहीत नाही,” न्यायमूर्ती म्हणाले. “म्हणून येईल त्या प्रत्येकाला हीच फाइल देतो. सहा वर्षं झाली, कुणी केळीपाशी थांबलं नव्हतं. एक तारखेला या. साडेनऊला, दहाला नव्हे.”

निर्मळला पोचल्यावर तो घरात न जाता थेट मागच्या वाडीत गेला. आत्या कोयता घेऊन एका केळीपाशी उभी होती, घड उतरवून खाली ठेवलेला. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

“आज किती तोडलीस?” त्याने विचारलं.

“ही एकच. लाव खटला.”

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातातून कोयता घेतला.