पंचविसावी मुलगी

"झोपली पुन्हा. पाटीवरचं सगळं गालाला," वर्ग शिकवणाऱ्या इंदुताई पुटपुटल्या, खिडकीशी लेकीचा डबा घेऊन उभ्या असलेल्या भामाला ऐकू जाईल इतपतच.

हैदराबादच्या गौलीगुड्यात हा मराठी वर्ग निघाला तो निजामाचं राज्य गेल्यावर आलेल्या पहिल्या जूनमध्ये. तोवर पोरं उर्दूतच शिकायची. मंजुरीसाठी सहा वर्षं पुरी झालेली पंचवीस मुलं हवी होती. भामाच्या नवऱ्यानं, केशवरावांनी, उन्हातान्हात घरोघर फिरून चोवीस जमवली. पंचविसावी त्यांच्या घरातच होती. तारामती, सव्वाचार वर्षांची. अर्जावर त्यांनी सहा लिहिलं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांचं कुणी ना कुणी त्या वर्गात होतं.

फेब्रुवारी उजाडला तरी तारामती 'अ' उलटाच काढायची. बाकीची पाढे म्हणत, ही खडू चाटून बघे. घरी अंगणातल्या कावळ्यांना नावं देऊन त्यांची भांडणं लावणारी पोर वर्गात 'ढ' ठरली. मग घरीही कावळे नुसते कावळेच राहिले.

त्या दुपारी शाळा तपासनीस आले. तारामतीला उठवून त्यांनी जुनीच परीक्षा घेतली, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायचा. सहा वर्षांच्या मुलाचा पोचतो. तारामतीचा भांगापाशीच थांबला. तिनं मान तिरकी करून कानच वर आणून बघितला.

"हात आखूड," केशवराव म्हणाले. "आमच्या घराण्यातच आहेत."

"आणि लिहिणं?"

"ते... डोकं जरा कमीच आहे."

तपासनिसांनी हजेरीपट उघडला. "केशवराव, मला काहीतरी एक लिहावं लागेल. वय चुकलं, नाहीतर मुलगी मंद. मंद लिहिलं की पुढं कुठलीही शाळा आधी तेच वाचील. वय चुकलं तर वर्गात चोवीस उरतात."

इंदुताई फळा पुसायला लागल्या. तो कोराच होता. केशवरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

तपासनिसांनी टाक दौतीत बुडवला.

"मंद लिहू नका, साहेब," दारातून भामा म्हणाली. डबा तिनं खाली ठेवला होता. "पोरीला परवा पाच पुरी झाली. यांनी सहा लिहिली, नि मी गप्प बसले."